चित्राखालची चिठ्ठी आणि श्रीपादराव

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, चित्रसंग्रह मंडळाचे सभासदहो, कलेक्टर कचेरीतून आज मुद्दाम लवकर सुटून आलेले गृहस्थहो, कल्याण, कळवा, कोलशेत इकडून आलेली मंडळी, चिकाच्या पडद्यापलीकडे बसलेल्या माता-भगिनींनो, आणि ज्यांना निरोप देण्याकरता आपण जमलो आहोत ते आपले श्रीपादराव पाध्ये,

नावं घेण्याचा हा क्रम बरोबर आहे की नाही, याविषयी मी इथे उभा राहीपर्यंत मला खात्री होती. आता नाही. पाहुण्यांच्या आधी सभासद घ्यायचे की नंतर, यावर मंडळात काल अर्धी दुपार गेली आणि शेवटी काय ठरलं ते मी विसरलो. कोणाचा मान मागेपुढे झाला असेल तर त्याने तो बसल्या जागीच सरळ करून घ्यावा.

निरोपाचे चार शब्द बोला, असं मंडळाने मला सांगितलं. विषयही मंडळानेच दिला. श्रीपादरावांनी प्रेक्षकांचे अभिप्राय घेऊन आपल्या संग्रहातल्या चित्रांखालच्या चिठ्ठ्यांमध्ये जी सुधारणा केली, तिचं वर्णन करावं. मी मोठ्या आनंदाने होय म्हटलं. घरी जाऊन बैठकीवर बसलो आणि मग माझ्या मनात आलं, की सुधारणा झाली ती नेमकी कोणती? पूर्वीची चिठ्ठी चुकीची होती हे मला मान्य आहे. हल्लीची बरोबर आहे का, हे मला सांगता येत नाही. आणि मंडळाने जी यापुढे लावायचं ठरवलं आहे ती कशी आहे, याचा तर मी विचारच करू शकत नाही. अध्यक्ष महाराज, मघाशी आपण म्हणालात की सोमण शिरस्तेदार विषयाची मांडणी चोख करतील. आपला माझ्यावर लोभ आहे म्हणून आपण तसं म्हणालात. जिल्हा कोर्टात माझा जन्म गेला, हजारो जबान्या या कानांनी ऐकल्या आणि या हाताने उतरवल्या. साक्षीदार गोंधळला की मला त्याचा राग येत असे. आज मीच त्याच्या जागी उभा आहे, आणि आता मला त्या सगळ्यांची दया येते.

नव्याने आलेल्या मंडळींकरता थोडं मागचं सांगतो. मासुंदा तळ्याच्या काठी रेशमाची जुनी वखार रिकामी पडली होती, ती मंडळाने भाड्याने घेतली आणि तिथे चित्रं लावली. बहुतेक चित्रं कल्याणचे प्रभाकर जोगळेकर यांची. प्रभाकर मुंबईच्या कलाशाळेत शिकले, पुष्कळ रंगवलं आणि फार लवकर गेले. त्यांच्या घरच्यांनी सगळी चित्रं आपल्या मंडळाला दिली. ठाण्यासारख्या गावात चित्रं पाहायला म्हणून वेगळी जागा असावी, ही कल्पनाच लोकांना नवी होती. पहिल्या दिवसांत लोक येत, जोडे बाहेर काढत, प्रदक्षिणा घालत आणि प्रसाद कुठे मिळतो ते विचारत.

चित्राखाली माहितीची चिठ्ठी असावी, हे मंडळातल्या विद्वानांनी ठरवलं आणि त्यांनीच त्या चिठ्ठ्या रचल्या. एक बाई घागर घेऊन उभी आहे, असं एक चित्र आहे. त्याखाली लिहिलं होतं, ‘छायाप्रकाशांच्या द्वंद्वातून प्रकट झालेले लावण्य’. लोक ते मोठ्याने वाचत आणि विचारत, पण ही कोणाची? दुसऱ्या एका चित्रात नुसतं एका पुरुषाचं डोकं आहे. प्रभाकरांनी चित्रामागे इंग्रजीत काही लिहून ठेवलं होतं, त्याचं आमच्या विद्वानांनी ‘मस्तकाचा अभ्यास’ असं भाषांतर केलं. यावर कळव्याच्या एका वैद्यबुवांनी चित्रातल्या गृहस्थांना पित्ताचा त्रास दिसतो, असं मत देऊन काढाही सुचवला होता. या चित्राकडे मला पुढे यायचंच आहे.

अशा वेळी श्रीपादराव पुढे झाले. कलेक्टर कचेरीतले अव्वल कारकून, रविवार आणि सणवार तेवढे त्यांचे स्वतःचे, तेही त्यांनी या वखारीला दिले. त्यांची रीत साधी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते दारात नमस्कार करत आणि विचारत, “काय पाहिलंत? चिठ्ठीवरून काही समजलं का?” प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. मामलेदारांना विचारत, मिठागरावरच्या बायांना विचारत, ख्रिस्ती देवळातल्या फादरांनाही विचारत. मंडळात यावरून गहजब झाला. ज्याला वाचता येत नाही त्याचा चिठ्ठीविषयी अभिप्राय कसला घेता, असं एका सभासदाने विचारलं. श्रीपादराव म्हणाले, की त्याला कोणीतरी वाचून दाखवतंच, आणि मग तो जे विचारतो ते चिठ्ठीत नसतं. हे उत्तर मला तेव्हा पटलं होतं. आताही पटतं. पण त्यातून पुढे जे निघालं ते मात्र मला उलगडत नाही.

अभिप्राय आले, सज्जनहो, ते धो धो आले. अक्षर बारीक आहे म्हणून मोठं केलं, तर दुसरा म्हणाला आम्हांला काय आंधळे समजता? कोणी म्हणे चिठ्ठी वर लावा, मान वाकवावी लागते. कोणी म्हणे खाली लावा. भिंतीला इतकी भोकं पडली की वखारीच्या मालकाने येऊन चौकशी केली. बर्नाडेटबाईंनी, त्या तिकडे चिकामागे असतीलच, विचारलं की चित्र काढणाऱ्याचं नाव आधी आणि मरियामाईचं मागाहून, ही कुठली रीत? आम्ही क्रम बदलला, तर तो चित्रकार, प्रभाकर नव्हेत, दुसरा, तो रुसला. लक्ष्मीच्या चित्राखाली ‘चित्रास हात लावू नये’ असं लिहिलं होतं. बायकांनी ते अगदी मनापासून पाळलं. चित्राला कोणीही हात लावला नाही. हळदकुंकू त्यांनी चिठ्ठीला वाहिलं. आता यात सुधारणा कशी करायची, हे मंडळाला आजतागायत सुचलेलं नाही.

हसा, हसा. मीही हसलो होतो. आता त्या डोक्याच्या चित्राकडे येतो आणि इथून पुढे मला हसू येत नाही.

‘मस्तकाचा अभ्यास’ या चिठ्ठीविषयी श्रीपादरावांना सगळ्यांकडून एकच अभिप्राय मिळाला. हे कोण आहेत ते सांगा. ते आम्हांलाच ठाऊक नव्हतं. एक दिवस कल्याणचे एक गृहस्थ आले, चित्रापुढे थबकले आणि म्हणाले, अहो, हे तर आमच्या आळीतले गुरुदत्त घैसास, प्रभाकरांचे मित्र. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा गुरुदत्त माझ्या हाताखाली कोर्टात उमेदवार होता. रोज माझ्यासमोर बसून कागदांच्या नकला करत होता. पण प्रभाकरांनी त्याला बोडक्या डोक्याने रंगवलेला, आणि गुरुदत्तला पागोट्याशिवाय मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्यापैकी कितीजण शेजाऱ्याला बोडक्या डोक्याने ओळखतील? मी तरी ओळखलं नाही.

नाव कळल्यावर मंडळाने तातडीने नवी चिठ्ठी केली. प्रेक्षकांच्या अभिप्रायावरून झालेली पहिली खरी सुधारणा म्हणून आमच्या वार्षिक रिपोर्टात तिचा उल्लेख आहे. चिठ्ठी अशी होती: ‘कैलासवासी गुरुदत्त घैसास, राहणार कल्याण’. कैलासवासी कशावरून, असं कोणी विचारलं नाही. आपल्या घरांतून भिंतीवर चित्र लागतं ते देवाचं नाहीतर गेलेल्या माणसाचं. जिवंतपणी चित्र काढून घेतलं तर आयुष्य उणं होतं, असं माझी आई म्हणत असे. तेव्हा ज्याचं चित्र भिंतीवर आहे आणि जो देव नाही, तो गेलेला, हे मंडळाने गृहीत धरलं. विलायतेला परत गेलेल्या एका साहेबाची तसबीर आपल्याकडे आहे. त्यांनाही आम्ही कैलासवासी करून ठेवलं होतं. ते तिकडे खुशाल आहेत, आणि त्यांची काही तक्रार आली नाही.

गुरुदत्तविषयी मात्र तक्रार आली. अठ्ठ्याहत्तर सालात तो कराचीकडे तारखात्याच्या कामावर गेला. एकदोन पत्रं आली आणि मग काहीच नाही. इकडे त्याची आई, थोरला भाऊ आणि बायको.

ज्या रविवारी सुमतीबाई आल्या त्या रविवारी मी वखारीत होतो. सुमतीबाई, आपण चिकापलीकडे आहात, आपलं नाव मी भर सभेत घेतो आहे, क्षमा करा. शेजारच्या हौसाबाईंनी त्यांना आणलं होतं. नवऱ्याची तसबीर ठाण्याला आहे एवढंच त्यांना कळलं होतं. त्या चित्रापुढे उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कारण इतका आनंद मी फार दिवसांत कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. मग गर्दीतल्या कोणीतरी चिठ्ठी मोठ्याने वाचली. अक्षर मोठं केलं होतं, वाचायला सोपं होतं. सुमतीबाई रडल्या नाहीत. त्यांनी हात वर नेला आणि कपाळावर आडवा धरला. कुंकू कोणाला दिसू नये म्हणून, की कोणी पुसू नये म्हणून, ते मला माहीत नाही. हौसाबाई काहीतरी बोलत होत्या, ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

दारात श्रीपादराव उभे. त्यांना आत काय झालं याची कल्पना नव्हती. त्यांनी नेहमीप्रमाणे नमस्कार केला आणि विचारलं, चिठ्ठीवरून काही समजलं का? सुमतीबाई परपुरुषाशी जन्मात बोलल्या नसतील. नवऱ्याचं नाव तर त्या घेणारच नव्हत्या. त्या म्हणाल्या,

“चिठ्ठी चुकली आहे. ते आमच्या घरचे आहेत. त्यांचं काही झालेलं नाही.”

श्रीपादरावांनी आणखी काही विचारलं नाही. आत गेले, चिठ्ठी हाताने फाडून काढली आणि परत येऊन सांगितलं, बाई, चूक सुधारली. मंडळाची परवानगी घेतली नाही, ठराव नाही, काही नाही. यावरून त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते आज निरोपाच्या प्रसंगी उगाळण्यात अर्थ नाही.

पण एकदा वाचलेली चिठ्ठी फाडून जात नाही. संध्याकाळच्या गाडीने ती कल्याणला पोचली आणि रात्रीच्या आत घैसासांच्या ओटीवर लोक भेटायला येऊन बसले. दुसऱ्या दिवशी गुरुदत्तचे वडील बंधू भाऊसाहेब ठाण्याला आले. भाऊसाहेब, आपण इथे दुसऱ्या रांगेत आहात, मी काही वावगं सांगत असलो तर मला थांबवा. ते संतापलेले नव्हते. थकलेले होते. ते म्हणाले, तुम्ही शिकलेली माणसं, चौकशी केल्याशिवाय लिहिणार नाही, म्हणून आम्ही धरून चाललो की तुमच्याकडे काहीतरी बातमी आहे. बातमी नाही असं कळल्यावर ते जास्तच खचले. त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं. येत्या माघात बारा वर्षं पुरी होतात. बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. त्याशिवाय त्याला पुढची गती नाही. आई थकली आहे, आपल्या लेकाला पाणी मिळालेलं पाहून डोळे मिटावेत एवढीच तिची इच्छा आहे. “माझा भाऊ आहे तो. मला काय यात हौस आहे?” असं ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

आणि पुतळ्याला अग्नी दिला की सुमतीबाईंचं काय होतं? ते या सभेत सगळ्यांना ठाऊक आहे. कुंकू जातं, बांगड्या जातात, आणि आम्हां लोकांत न्हावी बोलावला जातो. उघड बोलू नये अशी ही गोष्ट आहे खरी. पण आम्ही सगळे ती उघड करतो, मग उघड बोलायला मला का संकोच वाटावा, हेही मला कळेनासं झालं आहे.

बारा वर्षं मोजायची ती शेवटची खबर आली त्या दिवसापासून. हे भाऊसाहेबांनीच सांगितलं आणि श्रीपादरावांनी ते नीट ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी चित्राखाली नवी चिठ्ठी होती. ‘गुरुदत्त घैसास, राहणार कल्याण. यांना कोणी पाहिले असल्यास दारात सांगावे.’ आणि श्रीपादरावांचा दारातला प्रश्न बदलला. आता ते एवढंच विचारत, “यांना कुठे पाहिलंत का?” सुमतीबाईही हौसाबाईंबरोबर दर रविवारी येऊन दाराशी उभ्या राहू लागल्या.

गृहस्थहो, पाहिलेली माणसं निघाली. कोलशेतचे अँब्रोज, खाडीत मचवा चालवतात, त्यांनी गुरुदत्तला मांडवी बंदरावर पाहिला. दाढी होती म्हणाले. कळव्याच्या गंगुबाईंनी मुंब्र्याच्या देवीला पाहिला, तेव्हा दाढी नव्हती आणि अंगावर भगवं होतं. कोपरच्या एका शेतकऱ्याला तो बैलांच्या बाजारात भेटला, चांगला जाडजूड झाला होता. श्रीपादराव प्रत्येक खबर त्या चिठ्ठीखाली जोडत गेले आणि चिठ्ठी चित्रापेक्षा लांब झाली. लोक इतर चित्रं सोडून तीच वाचायला येऊ लागले. भिवंडीहून येऊ लागले. चित्रांखालच्या चिठ्ठ्या लोकांनी वाचाव्यात म्हणून मंडळाने इतके प्रयत्न केले होते, आणि आता वाचत होते ते हे! एकच माणूस सडपातळ, जाड, दाढीवाला, बिनदाढीचा आणि संन्यासी. रिपोर्टात हे काय म्हणून लिहू? चिटणीस मी आहे, रिपोर्ट मलाच लिहायचा आहे.

माझ्या अंगातला शिरस्तेदार स्वस्थ बसेना. अँब्रोजना मी बाजूला घेतलं आणि उलटतपासणी केली. अँब्रोज, आपण मागे बसला आहात, राग मानू नका. मी विचारलं, त्याच्या कपाळावर डागाची खूण होती का? अँब्रोज म्हणाले, “तुमी म्हनाल तर होती, सायेब.” मी विचारलं, तुम्ही खरोखर पाहिलात का त्याला? ते म्हणाले,

“सायेब, ती बाय उबी होती ना तिथं.”

हे मी आज सांगणार नव्हतो. तोंडातून गेलं. अँब्रोज, मी आपली क्षमा मागतो. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. जबानी म्हणजे काय आणि अभिप्राय म्हणजे काय, यांतला फरक मला आयुष्यभर ठाऊक होता. आता तो कुठे ठेवला ते सापडत नाही. त्या सगळ्यांनी खोटं सांगितलं का? त्यांनी कोणाचं काही बिघडवलं नाही. मग त्यांनी खरं सांगितलं का? असा कसा एक माणूस सगळ्यांना भेटेल आणि घरच्यांनाच भेटणार नाही? मंडळातले विद्वान म्हणतात, चिठ्ठीत सत्य असावं. मी मान डोलावतो. आणि ‘कैलासवासी’ आम्ही कोणत्या सत्यावरून लिहिलं होतं, असं विचारायला जातो, तर तोपर्यंत सभा संपलेली असते.

कल्याणच्या शास्त्र्यांपुढे हा प्रश्न गेला. त्यांनी चिठ्ठीवरच्या खबरा नाकारल्या. सांगणारे परके, कोणी परधर्मी, गुरुदत्तला पूर्वी पाहिलेलं एकही नाही, आणि वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत. कायद्याने पाहिलं तर शास्त्र्यांचं चूक नाही, मीही तेच म्हटलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की त्याला चांगला ओळखणारा एक भरवशाचा माणूस पुढे येऊन सांगेल तर त्या दिवसापासून बारा वर्षं पुन्हा मोजू. भाऊसाहेबही श्रीपादरावांना हेच म्हणाले होते. “आईला सांगता येईल असा एक माणूस मला आणून द्या, मी पुतळा करणार नाही.” एवढं सांगून ते उठले. असा माणूस श्रीपादरावांना मिळाला नाही.

आणि आता श्रीपादराव चालले. त्यांची बदली झाली, असं निमंत्रणपत्रिकेत आहे. बदली झाली हे खरं, पण ती त्यांनी मागून घेतली आहे, आणि तीही कराचीला. लोक पुणं मागतात, नाशिक मागतात, ठाण्यातून हलावं लागू नये म्हणून मारुतीला तेल घालतात. हा गृहस्थ कराची मागतो! मी विचारलं तर म्हणाले, तिकडची हवा चांगली आहे असं ऐकतो. तिथे वाळू आणि वारा यांपलीकडे काही नाही, असं मी ऐकतो. तसं म्हणालो, तर त्यांनी विषय बदलला. श्रीपादराव, आपण तिकडे कशाकरता चालला आहात ते मी ओळखलं आहे. आपण शोधाल, विचाराल, प्रत्येक दारात उभे राहून विचाराल, मला आपला स्वभाव ठाऊक आहे. पण त्याला वेळ लागेल, आणि माघ हा पुढचाच महिना आहे.

इकडे मंडळाने ठराव केला आहे. श्रीपादराव गेल्यावर ती लांबलचक चिठ्ठी काढावी आणि ‘कैलासवासी’ म्हणणारी मूळची शुद्ध चिठ्ठी पूर्ववत लावावी. हात वर करावा की खाली ठेवावा याचा मी निर्णय करेपर्यंत ठराव मंजूर झाला. चिठ्ठी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर वळणदार आहे. पुठ्ठा कापून तयार आहे. गेले आठ दिवस मी शाई घोटतो आणि लेखणी खाली ठेवतो. घरातली मंडळी विचारतात, काय झालंय तुम्हांला? काय सांगू? मला त्या मुलीची, सुमतीबाईंची, दया येते, आणि भाऊसाहेबांच्या आईचीही येते, आणि एवढी वर्षं कोर्टात घालवून मला साधी एक ओळ लिहिता येत नाही याची लाज वाटते.

अध्यक्ष महाराज, आपण घड्याळाकडे पाहिलंत, मी पाहिलं. आवरतो. विषय सोडून मी फार भटकलो, तेव्हा शेवटी विषयावरच येतो. प्रेक्षकांनी अभिप्राय द्यावा, अशी श्रीपादरावांची इतक्या दिवसांची विनंती आहे. आज त्यांचा शेवटचा दिवस आहे, आणि त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, मी मंडळाचा माणूस म्हणून. मीही प्रेक्षकच आहे. माझा अभिप्राय त्यांनी घ्यावा. भाऊसाहेब, आपणही लक्ष द्यावं. आणि सभेने क्षणभर शांत राहावं, कारण हे मी भाषणाच्या रीतीने बोलणार नाही, मला येते त्या रीतीने बोलणार आहे.

मी, विश्राम बल्लाळ सोमण, वय वर्षं त्रेसष्ट, धंदा पेन्शनर, राहणार ठाणे, ईश्वराला स्मरून सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, गुरुदत्त घैसास याला मी चांगला ओळखतो. तो माझ्या हाताखाली कामाला होता. गेल्या गुरुवारी मी कल्याण स्टेशनावर उभा असताना मी त्याला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलेला पाहिला. मी त्याला हाक मारली. त्याने वळून पाहिलं, मला ओळखलं आणि हात जोडले. मी जवळ जाईपर्यंत गाडी सुटली. तो जिवंत आहे, आणि त्याची प्रकृती बरी दिसली. एवढंच मला माहीत आहे. वाचून पाहिलं, बरोबर आहे.

यावर कोणाला मला काही विचारायचं असेल तर त्याने विचारावं. मी इथेच उभा आहे.

नाही? भाऊसाहेब, आपणही नाही? बरं. मी आपला फार आभारी आहे.

चिठ्ठी मी आज घरी गेल्यावर लिहितो. नुसतं नाव लिहीन, आणि नावाच्या आधी काही लिहिणार नाही. मंडळाला ते पसंत नसेल तर मंडळाने दुसऱ्या कोणाचं तरी वळणदार अक्षर पाहावं.

श्रीपादराव, आपला प्रवास सुखाचा होवो. कराचीला सावकाश पोचा आणि सावकाशीने शोधा, आता घाई नाही. अध्यक्षांनी मला एवढा वेळ दिला, पाहुणे आणि कचेरीतली मंडळी शेवटपर्यंत बसून राहिली, माता-भगिनींनी इतकं ऐकून घेतलं, या सर्वांचे मी मंडळाच्या वतीने आणि स्वतःच्या वतीने आभार मानतो. माझं वय झालं आहे, नजर पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि बोलण्यात कमीजास्त होतं. ते आपण सर्वांनी पोटात घालावं, आणि भाऊसाहेब, आपण आपल्या आईंना काहीही कमी न करता सांगावं, एवढी विनंती करून मी खाली बसतो.